जुनी २०७ थकली, आता पुढची गाडी कुठली?

या वेळच्या पत्रांत मोटरसायकली, कार जवळजवळ नाहीतच, सगळ्या मालाच्या गाड्या. कारण उघड आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून ज्याच्या दारात जुनी पिकअप आहे त्याच्या घरात रोज रात्री हीच चर्चा चाललीय. त्यातलं पहिलं पत्र जरा सविस्तर घेतलंय, कारण तसलीच अजून बरीच आलीत आणि सगळ्यांना तेच सांगायचं होतं.

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही मोहोळ तालुक्यातले. डाळिंब आणि कांदा करतो. घरी टाटा २०७ डीआय आहे, २००८ ची, वडिलांनी घेतलेली. इंजिनाचं काम दोनदा झालंय, आता परत निळा धूर मारायलीय, मागं चॅसीला वेल्डिंग हाय आणि फिटनेस पण संपत आलाय. कांदा सोलापूर मार्केट यार्डला नेतो, डाळिंब पुण्याला गुलटेकडीला, मोकळ्या दिवसात गावातली भाडी मारतो. पोरगं म्हणतंय नवी बोलेरो घ्या, मेव्हणे म्हणतेत टाटाचीच घ्या, आणि गॅरेजवाला म्हणतोय बीएस सिक्स घेऊच नका, नुसते सेन्सर असतेत, त्यापेक्षा चांगली जुनी बघा. दहा लाखाच्या आसपास जमतंय, ते पण हप्त्यावर. दगा न देणारी गाडी कुठली ते एका शब्दात सांगा.
— वाचक, मोहोळ तालुका

उत्तर : एका शब्दात पायजे तर बोलेरो पिकअप, १.७ टनवाली. झालं उत्तर. पण हे मी तुमचा कांदा बघून सांगितलंय, दुसऱ्या कुणी वाचून तीच उचलू नये, म्हणून पुढं लिहितो.

गाडी निवडायला शोरूममध्ये जायच्या आधी आपला माल वजन करून बघायचा. कांद्याची गोणी पन्नास किलोची धरली तर तीस गोण्या म्हणजे दीड टन झाला. आणि तीस गोण्यांवर कुणी थांबतंय का? हमाल म्हणतो अजून पाच टाका की मालक, फेरी वाचंल, की झाले पावणेदोन टन. डाळिंबाचं कॅरेट वीस किलोचं धरा, ऐंशी कॅरेट लावली की सोळाशे किलो, वर कॅरेटचं स्वतःचं वजन वेगळं. म्हणजे तुमचं रोजचं वजन दीड ते पावणेदोन टन आहे आणि तुम्ही जर सव्वा-दीड टनाची गाडी घेतली तर ती पहिल्या सीझनपासूनच ओव्हरलोड चालणार. गाडी दगा देते म्हणून जे लोक सांगतात ना, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या गाडीचे पाटे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बघा, उलटे झालेले असतात. क्लच प्लेट, मागचं हाउसिंग, टायर, सगळं त्या जादाच्या पाच गोण्यांनी खाल्लेलं असतं आणि नाव मात्र कंपनीचं खराब होतं. दंडाचं पण लक्षात ठेवा, मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असं आहे, शिवाय जादा माल तिथंच उतरवायला लावतात, आणि भर उन्हात हायवेच्या कडंला कांदा उतरवणं काय असतंय ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

आता पावणेदोन टनात कोण कोण आहे ते बघू. महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअप, तिच्यात एचडी म्हणून येते ती १.३, १.७ आणि २ टनात मिळते, सिटी म्हणून येते ती हलकी. टाटाची योद्धा, तिच्यात १७०० किलोची आहे आणि २०२२ ला योद्धा २.० म्हणून दोन टनाची आली. टाटाचीच इंट्रा व्ही ५० दीड टनाची आणि व्ही ७० म्हणून आली ती १७०० किलोची. अशोक लेलँडची बडा दोस्त, तिच्यातलं मोठं मॉडेल पावणेदोन टनाच्या वर नेतं. कागदावर सगळ्या सारख्याच दिसतात आणि खरं सांगायचं तर यातली कुठलीच वाईट नाही. फरक आहे तो तुमच्या गावात.

मी बोलेरो म्हणतो ती इंजिनासाठी नव्हे. या वर्गात ती सगळ्यात जास्त खपते आणि त्यामुळं मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, पुण्याच्या रस्त्यावर कुठंही रात्री बंद पडली तरी तिचं काम येणारा मिस्त्री सापडतो, आणि क्लच प्लेट, क्रॉस, ब्रेक लायनर असला माल दुकानात फळीवरच असतो, मागवावा लागत नाही. कांद्याच्या सीझनला गाडी पार्टसाठी चार दिवस उभी राहिली तर मायलेजमध्ये वर्षभर वाचवलेलं सगळं त्या चार दिवसात जातं. दुसरं म्हणजे विकताना किंमत येते. वाईट काय, तर रिकामी असताना उडते लई, पुण्यापर्यंत जाऊन आलं की कंबर बोलते, केबिनमध्ये आराम म्हणावा असा नाही आणि शोरूमवाला डिस्काउंटला हात आखडता घेतो कारण त्याला माहिती आहे की ती खपणारच आहे.

मेव्हण्यांचं पण एकदम चूक नाही बरं का. योद्धाला २.२ लीटरचं इंजिन आहे, ताकद आहे, चॅसी भक्कम आहे आणि तुम्ही २०७ इतकी वर्षं चालवलीय म्हणजे घरात टाटाची सवय आहे. तुमच्या जवळच्या टाटाच्या सर्व्हिस सेंटरला एक दिवस नुसतं जाऊन बसा, दुपारी, चहा घ्या, आणि तिथं आलेल्या पिकअपवाल्यांना विचारा की गाडी आत घेतल्यावर किती दिवसांनी मिळाली आणि पार्ट होता का. सेल्समनला विचारून हे कळणार नाही. तिथनं उत्तर चांगलं आलं आणि किमतीत पन्नास-साठ हजाराचा फरक पडत असंल तर बिनधास्त योद्धा घ्या, माझी काय ना नाही.

इंट्रा आणि बडा दोस्त या चपट्या तोंडाच्या गाड्या, म्हणजे इंजिन सीटखाली. त्याचा फायदा असा की तेवढ्याच लांबीत हौदा मोठा मिळतो आणि वळायला जागा कमी लागते. डांबरी रस्त्याला, शहरात झकास. पण एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४२-४४ ला जातो आणि इंजिन बुडाखाली असतंय हे विसरू नका, आणि बागेतनं माल भरून काळ्या मातीच्या वाटेनं बाहेर यायचं असंल तर चाकाचा आकार आणि खालचं अंतर शोरूममध्येच वाकून बघा, लाजू नका.

आता गॅरेजवाल्याचं. बीएस सिक्स घेऊ नका म्हणतो तो, त्याच्या बाजूनं बरोबर आहे, कारण २०७ त्यानं पाना आणि हातोडीवर चालवली, त्या गाडीत वायरिंग म्हणजे सेल्फ, लाइट आणि हॉर्न. पण नीट हिशोब करा. बीएस म्हणजे गाडीच्या धुरावरचा सरकारी नियम, देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स आलं, त्याच्या आधी एप्रिल २०१७ पासून बीएस फोर, आणि बीएस फोरला पण कॉमन रेल (जास्त दाबानं डिझेल मारायची पद्धत), सेन्सर, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आहेच. म्हणजे सेन्सर नसलेली गाडी पायजे तर २०१७ च्या आधीची घ्यावी लागणार. ती आज आठ वर्षांच्या पुढं गेलेली. आठ वर्षं झाली की मालवाहू गाडीचा फिटनेस दोन वर्षांऐवजी दरवर्षी आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर पण सुरू. तुम्ही एका म्हाताऱ्या गाडीतनं उतरून दुसऱ्या म्हाताऱ्या गाडीत बसणार, वर तिची हिस्ट्री तुम्हाला माहिती नाही. २०७ ची निदान माहिती होती!

त्यामुळं नवीच घ्या. आणि गॅरेजवाल्याला सांगा स्कॅनर घ्यायला, आज ना उद्या त्याला लागणारच आहे.

पैशाचं एक सांगून ठेवतो. फायनान्सवाला तुम्हाला "फक्त साडेसात टक्के" म्हणंल. विचारा, फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज) का रिड्यूसिंग (फेडून उरलेल्या रकमेवरच व्याज)? आठ लाखाला पाच वर्षं साडेसात टक्के फ्लॅट म्हणजे व्याज झालं तीन लाख, एकूण अकरा लाख, हप्ता १८ हजार ३३३. हाच हप्ता बँकेच्या रिड्यूसिंग हिशोबात मांडला तर व्याज तेरा टक्क्यांच्या वर जातं. आधी तुमच्या जिथं पीककर्ज आहे त्या बँकेत विचारा, मग शोरूमच्या टेबलावर बसा. जीएसटी कमी झाल्यामुळं जुन्या हिशोबानं दहा लाखाच्या गाडीमागं साधारण ७८ हजार कमी व्हायला पायजेत, तेवढे खरंच कमी झालेत का ते आधीच्या आणि आताच्या एक्स शोरूम किमती शेजारी ठेवून बघा, इन्शुरन्स, ॲक्सेसरी, "हँडलिंग" असल्या नावांखाली ते परत आत घातलेले नाहीत ना तेवढं बघा. हौद्याला वरनं अँगल, ताडपत्रीचे हूक, फाळक्याला जास्तीची पट्टी हे सगळं बाहेर सोलापुरात करून घ्या, स्वस्त पडतं आणि दणकट होतं, फक्त हौद्याची उंची-लांबी वाढवू नका, पासिंगला अडकतं.

अजून एक, १.७ टनाच्या गाडीचं एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, ३००० किलोच्या वर जातं, त्यामुळं परमिट लागणार. ३००० च्या आतल्या गाड्यांना कायद्यानं परमिटची गरज नाही आणि सेल्समन लोक हे सांगून हलकं मॉडेल गळ्यात मारतात. परमिट वाचतंय म्हणून सव्वा टनाची गाडी घेऊन तिच्यावर पावणेदोन टन घालू नका.

राहिली तुमची २०७. तिच्यावर आता पैसे घालू नका, चॅसीला वेल्डिंग झालेली गाडी मी कुणालाच ठेवायला सांगत नाही. पंधरा वर्षांच्या पुढं फिटनेसची फी पण वाढवलेली आहे आणि एचएसआरपी म्हणजे ती हाय सिक्युरिटी नंबरप्लेट नसंल तर तो खर्च वेगळा. भंगारात द्यायची तर नुसती भंगारवाल्याला देऊन मोकळं होऊ नका, आरसी तुमच्याच नावावर राहते आणि उद्या त्या नंबरवर काय झालं तर नोटीस तुमच्या दारात येते. सरकारमान्य स्क्रॅप सेंटरला द्या, ते सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट देतात, त्याच्यावर नवीन मालवाहू गाडीच्या रोड टॅक्समध्ये केंद्राच्या नियमानुसार १५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. राज्यात सध्या किती देतात ते आरटीओत विचारून घ्या आणि मगच नव्या गाडीचं पासिंग करा, उलटं केलं तर सूट हातची जाते.

प्रश्न : आमचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं छोटं युनिट आहे. जुनी छोटा हत्ती आहे, डिझेलची, ती बदलायची आहे. माल रोज ट्रान्सपोर्ट ऑफिसला आणि कधी कधी रेल्वे पार्सलला सोडायचा, दिवसाला फार तर पंचवीस-तीस किलोमीटर. मिस्टर म्हणतात मोठी पिकअप घेऊ, उद्या धंदा वाढला तर. सीएनजी घ्यावी का? जीएसटी रजिस्ट्रेशन आहे.
— एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, तुमचा माल वजनाचा नाही, जागेचा आहे. टॉवेलचे गठ्ठे हौदा भरून वर दोरी बांधली तरी एक टन होत नसंल. तुम्हाला मोठी पिकअप कशाला? उद्या धंदा वाढला तर उद्या दुसरी घ्या नाहीतर मोठं भाडं ठरवा. अशोक चौकाकडनं आत गल्ल्यांमध्ये मोठी गाडी घालून बघा एकदा, मग मिस्टरच म्हणतील नको.

आणि डिझेल तर तुम्ही घेऊच नका. हे मी खात्रीनं सांगतो, कारण रोज पंचवीस किलोमीटर, ते पण थांबत थांबत, हे बीएस सिक्स डिझेलच्या पोटातच बसत नाही (का ते खालच्या एका उत्तरात लिहिलंय). तुमच्यासाठी पेट्रोल-सीएनजी. टाटा इंट्रा व्ही २० ही दोन्हीवर चालते आणि एक टन नेते. मारुतीची सुपर कॅरी त्याहून छोटी, १.२ लीटरचं कारचं इंजिन, सीएनजीत ६२५ किलोपर्यंत, चालवायला हलकी, गठ्ठे कमी असतील तर ती पण पुरंल. अशोक लेलँडची दोस्त पण सीएनजीत येते, हौदा मोठा पायजे असंल तर ती बघा. शोरूमला जाताना चार गठ्ठे नेऊन हौद्यात रचूनच बघा, कॅटलॉगमधले फूट-इंच वाचून अंदाज येत नाही.

सीएनजी घेण्याआधी एक आठवडा तुमच्या रस्त्यावरच्या पंपावर किती रांग असते आणि दाब पूर्ण मिळतो का हे ड्रायव्हरकडनं बघून घ्या. अर्धा तास रांगेत गेला तर इंधनात वाचलेलं ड्रायव्हरच्या पगारात गेलं. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, करावी लागते, लोक विसरतात आणि मग पंपावर गॅस मिळत नाही.

जीएसटी रजिस्ट्रेशन आहे ही तुमची मोठी जमेची बाजू. कारवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेला जीएसटी आपल्या जीएसटीतनं वजा करणं) मिळत नाही पण मालवाहू गाडीवर मिळतं. बिल युनिटच्या नावानं, जीएसटी नंबर टाकून घ्या, मिस्टरांच्या नावानं नको. क्रेडिट घेतलं की त्या टॅक्सच्या रकमेवर घसारा धरता येत नाही, तेवढं सीएला आठवण करून द्या.

इलेक्ट्रिकचं तुम्ही विचारलं नाही पण तुमच्या वापराला ती बसते, रोजचं अंतर ठरलेलं आणि रात्री गाडी युनिटमध्येच उभी. टाटाची एस ईव्ही आहे. एकदा किंमत काढून बघायला हरकत नाही.

प्रश्न : विजयपूर साइडला केए पासिंगच्या पिकअप आपल्यापेक्षा लाख-दीड लाखानं स्वस्त मिळायलेत. एक २०१९ ची बघितलीय, कंडिशन एक नंबर. घेऊ का? बघताना काय काय बघू?
— वाचक, मंद्रूप

उत्तर : स्वस्त का मिळायलीय ते आधी समजून घ्या. त्या लाख-दीड लाखातनं तुम्हाला कर्नाटकच्या आरटीओची एनओसी काढायची, इथं महाराष्ट्राचा टॅक्स भरायचा, नंबर बदलून एमएच १३ करायचा, एजंटचे वेगळे, आणि तोपर्यंत एक-दोन महिने गाडी नीट धंद्याला लावता येत नाही. हे सगळं वजा करून पन्नास हजार जरी उरत असतील तरी बघा, नाहीतर सोलापुरातलीच घ्या. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या आणि फॉर्म २८ ची एनओसी हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. गाडीवर बोजा असंल तर फायनान्स कंपनीचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, बोजा आहे का, इन्शुरन्स-फिटनेस कधीपर्यंत, चलन किती बाकी, हे पाच मिनिटात दिसतं, ते बघितल्याशिवाय विजयपूरचं डिझेल सुद्धा जाळू नका. आणि नवीन गाड्या जीएसटीमुळं उतरल्यात तर जुन्या पण उतरायलाच पायजेत, भाव करताना हे तोंडावर बोला.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधीच फोन करून सांगा की इंजिन चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजायचं की थंड सेल्फला काहीतरी लपवायलेत. चालू केल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंजेक्टर किंवा हवेचं काम, पांढरा थोडा वेळ आला तर ठीक पण गरम झाल्यावर पण येतच राहिला तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा, भसाभसा वाफा मारायलं तर बोअर-पिस्टन आलं. रेडिएटरचं झाकण मात्र गाडी थंड असतानाच उघडायचं, पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर तिथनंच नमस्कार करून परत या.

मग खाली झोपा. खरोखर झोपा, पोतं टाकून. हौद्याखाली चॅसीच्या दोन्ही पट्ट्या केबिनच्या मागनं शेवटपर्यंत हातानं चाचपत जा, वेल्डिंगचा मणी, ताजा काळा रंग, जास्तीची मारलेली पट्टी लागली तर ती गाडी जन्मभर ओव्हरलोड चाललीय. पाटे दोन्ही बाजूचे सारखे बसलेत का, यू बोल्ट नवीनच का दिसतेत, ते विचारा. "कंडिशन एक नंबर" हे बाहेरच्या रंगावरनं ठरवलंय का या सगळ्यावरनं ते मला कळालं नाही तुमच्या पत्रातनं! टायर गोटा झालेले असतील तर सहाही धरून, म्हणजे... चुकलं, पिकअपला चार आणि स्टेपनी, पाच टायरचे पैसे किमतीतनं कापा. मीटरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका, क्लच-ब्रेक पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची कड बघा, ते खोटं बोलत नाहीत. ट्रायल रिकामी घेऊ नका, दहा गोण्या वाळू का असंना, टाका आणि चढाला दुसऱ्या-तिसऱ्यात ओढून बघा, गिअर उडतोय का, क्लच सुटतोय का तिथं कळतं.

प्रश्न : २०२२ ची बीएस सिक्स पिकअप आहे. मीटरमध्ये एक लाइट सारखी लागते, मग पिकअप घेत नाही, शोरूमला नेली की रिजनरेशन केलं म्हणून पैसे घेतात, महिन्यात परत तेच. दुधाची लाइन आहे, गावोगाव थांबत जायचं. गाडीच खराब लागली का?
— वाचक, बार्शी

उत्तर : गाडी खराब नाही, काम चुकीचं लागलंय तिला. बीएस सिक्स डिझेलला सायलेन्सरमध्ये डीपीएफ म्हणून जाळी असते, धुरातली काजळी ती धरून ठेवते आणि भरली की गाडी स्वतःच ती काजळी जाळून टाकते, यालाच रिजनरेशन म्हणतात. पण जाळायला सायलेन्सर तापावा लागतो आणि तो तापायला गाडी पंधरा-वीस मिनिटं न थांबता पन्नास-साठच्या वेगानं चालावी लागते. तुमची दर दोन किलोमीटरला थांबते, कॅन उचलायला. काजळी साठते, जळत नाही.

दूध टाकून झाल्यावर आठवड्यातनं एक-दोनदा रिकामी गाडी सरळ हायवेला काढा, एक गिअर खालचा ठेवून, आणि जाळायचं काम चालू असताना बंद करू नका, मॅन्युअलमध्ये त्याची खूण दिलेली असते. इंजिन ऑइल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच, बीएस सिक्सचं वेगळं येतं, साधं टाकलं की त्याची राख जाळीत बसते आणि ती राख जळत नसते, जाळीच बदलावी लागते, आणि तिची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. रस्त्याकडंचं स्वस्तातलं डिझेल बंद करा. हे सगळं करून पण महिन्यात लाइट आली तर इंजेक्टर किंवा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) तपासायला सांगा, नुसतं रिजनरेशन करून पैसे देत बसू नका, काजळी जास्त का तयार होतेय ते शोधायला लावा. वॉरंटी शिल्लक असंल तर तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

प्रश्न : माझ्याकडं कारचं लायसन्स आहे, एलएमव्ही. पिकअप चालवायला वेगळं काढावं लागतं का? आणि आषाढीला गावातले लोक पंढरपूरला हौद्यात बसवून नेले तर चालतंय का?
— वाचक, अक्कलकोट

उत्तर : लायसन्स चालतंय. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं स्पष्ट केलं की एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसन्सवर ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, वेगळा ट्रान्सपोर्टचा शिक्का लागत नाही. सगळ्या पिकअप त्याच्या खूप आत येतात.

हौद्यात माणसं चालत नाहीत. गाडी मालाची आहे, इन्शुरन्स केबिनमध्ये बसलेल्या मालाच्या मालकापुरता किंवा त्याच्या माणसापुरता, तो पण आरसीवर जेवढ्या सीट लिहिल्यात तेवढाच. हौद्यातल्या माणसाला काही झालं तर कंपनी हात वर करते आणि भरपाई तुमच्या सातबाऱ्यावर येते. वारीसाठी एसटी जादा गाड्या सोडते, गावातले चाळीस-पंचेचाळीस लोक होत असतील तर डेपोत जाऊन पूर्ण बसच ठरवा, माणशी किती पडतंय ते आधी विचारून घ्या.